दह्यातल्या कोशिंबिरीला पाणी का सुटते: कोशिंबीर, भरीत आणि रायते यांचा योग्य क्रम

पानाच्या डाव्या बाजूला वाढल्या जाणाऱ्या दह्यातल्या पदार्थांबद्दल एकच तक्रार पुन्हा पुन्हा ऐकू येते. करताना कोशिंबीर छान घट्ट होती, वाढेपर्यंत तिचे ताक झाले. तक्रार करणारे बहुतेक जण दोष दह्याला देतात आणि पुढच्या वेळी विकतचे महाग दही आणतात, पण कोशिंबिरीला पाणी सुटायचे ते सुटतेच. दही चांगले असूनही हे घडते, कारण बिघाड बहुधा साहित्यात नसून क्रमात असतो: मीठ लवकर पडते, भाजी गरम असताना दह्यात जाते, किंवा दही निथळण्याचे काम राहून जाते.

पाणी तीन वाटांनी येते. पहिले दह्यातच असते आणि दही मोडले की वेगळे होते. दुसरे चिरलेल्या किंवा किसलेल्या भाजीतून आपोआप गळते. तिसरे मीठ आणि साखर भाजीतून ओढून काढतात. पुढचे टप्पे या तीन वाटा एकेक करून बंद करण्यासाठी आहेत. प्रमाण ४ माणसांच्या काकडीच्या कोशिंबिरीचे दिले आहे. भरीत आणि रायते यांत काय बदलते, ते त्या त्या ठिकाणी सांगितले आहे.

साहित्य: २ मध्यम काकड्या, १ वाटी निथळलेले दही, २ मोठे चमचे दाण्याचे जाडसर कूट, २ हिरव्या मिरच्या, मूठभर कोथिंबीर, पाऊण लहान चमचा मीठ, अर्धा लहान चमचा साखर. फोडणीसाठी १ मोठा चमचा तेल, पाव लहान चमचा मोहरी, तेवढेच जिरे, चिमूटभर हिंग आणि कढीपत्त्याची ५-६ पाने.

१. दही: तयारी आदल्या रात्रीपासून

घरी विरजणार असाल तर दूध नुसते उतू जाईपर्यंत तापवून थांबू नये. उकळी आल्यावर आच मंद करून, अधूनमधून ढवळत, आणखी ८-१० मिनिटे ते आटू द्यावे. यात थोडे पाणी उडून जाते हे खरे, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे इतका वेळ तापल्यावर दुधातली काही प्रथिने आपले रूप बदलतात आणि दही लागताना पाणी धरून ठेवतात. नुसत्या कोमट केलेल्या दुधाचे दही लागते, पण ते सैल राहते.

मग दूध ४० ते ४५ अंश सेल्सिअसपर्यंत निवू द्यावे. तापमापक नसेल तर धुतलेले बोट दुधात बुडवावे. ऊब स्पष्ट जाणवावी, पण बोट सहज ठेवता यावे. अर्ध्या लिटरला एक लहान चमचा विरजण पुरते. ते वाटीत थोड्या दुधात मोडून घ्यावे आणि मग सगळ्या दुधात मिसळावे. ‘लवकर लागावे’ म्हणून दुप्पट विरजण घालण्याची सवय फार घरांत आहे. त्याने दही लवकर लागते, लवकर आंबते आणि त्याला पाणीही लवकर सुटते. उन्हाळ्यात ४-५ तास, थंडीत ८ ते १२ तास लागतात. दही लागत असताना भांडे हलवू नये, आणि लागल्यावर लगेच फ्रिजमध्ये ठेवून किमान २ तास घट्ट होऊ द्यावे.

दह्याला तार येऊ लागली असेल तर त्याच दह्यातले विरजण पुढे चालवू नये, दुसरीकडून आणावे.

आता निथळणे. स्वच्छ मलमलच्या किंवा जुन्या सुती कापडात दही घालून कापड चाळणीवर ठेवावे आणि चाळणी पातेल्यावर. कोशिंबिरीसाठी ३० ते ४५ मिनिटे पुरतात. श्रीखंडासाठी टांगून ठेवतो तसे रात्रभर ठेवले तर चक्का होतो, आणि चक्क्याची कोशिंबीर दाताला आणि टाळूला चिकटते. कापड पिळू नये. पिळल्याने दह्याचे कण कापडातून खाली उतरतात आणि वर उरलेले दही खरखरीत होते. खाली जमलेली हिरवट पिवळी निवळ फेकू नये, कणीक भिजवायला किंवा कढीला वापरावी.

परदेशात राहणाऱ्यांना ग्रीक योगर्ट नावाने मिळणारे दही आधीच निथळलेले असते. ते पुन्हा निथळू नये. उलट वाटीभर दह्याला १-२ चमचे दूध घालून सैल करावे. डब्यावरचे घटकही वाचावेत. स्टार्च किंवा जिलेटिन घालून घट्ट केलेले दही मीठ-मिरची पडल्यावर कोशिंबिरीसारखे लागत नाही.

तपासणी: निथळलेले दही चमच्याने उचलून उलटे धरले असता चटकन पडू नये, सावकाश घसरावे. मध्यभागी चमच्याने खळगा करून ५ मिनिटे थांबावे. खळग्यात पाणी साचले तर आणखी १५ मिनिटे निथळावे.

निथळलेले दही रवीने किंवा चमच्याने २०-२५ फेरे घोटावे, गुठळ्या मोडल्या की थांबावे. मिक्सर वापरू नये. मिक्सरची पाती दह्याची घडण इतकी तोडतात की अर्धा तास निथळून मिळवलेला घट्टपणा दहा सेकंदांत जातो.

२. भांडे

एका वाक्यात सांगायचे तर दह्याचे काहीही कल्हई नसलेल्या तांब्यापितळेच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यात करू नये, ते कळकते. स्टील, काच किंवा चिनी मातीचे भांडे घ्यावे.

३. भाजी: ती पाणी सोडणारी की पिणारी, हे आधी ठरवावे

बहुतेक पाककृती हा प्रश्नच विचारत नाहीत आणि सगळ्या भाज्यांना एकाच मापाचे दही लावतात. काकडी, टोमॅटो, मुळा, दुधी आणि कांदा पाणी सोडतात. यांना निथळलेले दही हवे. उकडलेला बटाटा आणि तळलेली बुंदी पाणी पितात. यांना निथळलेले दही दिले तर अर्ध्या तासात त्यांचा गोळा होतो, म्हणून तेथे साधे दही दुधाने थोडे सैल करून घ्यावे. गाजर आणि बीट मधले आहेत, पण बीट रंग सोडते. बिटाची कोशिंबीर गुलाबी आवडत असेल तर प्रश्न नाही, नाहीतर वाढताना वर घालावी.

काकडी. प्रथम दोन्ही टोके कापून देठाकडचा तुकडा चाखावा, कारण कडवटपणा असला तर तो त्या बाजूला जास्त असतो. दोन काकड्यांपैकी एक कडू निघाली आणि ती न चाखता मिसळली, तर सगळी कोशिंबीर वाया जाते. दुधीचे रायते करतानाही हीच चव घ्यावी, आणि येथे गंभीरपणे घ्यावी: कडू दुधी विषारी असू शकतो, तो शिजवला तरी निर्धोक होत नाही, म्हणून सरळ टाकून द्यावा.

काकडी किसावी की चोचवावी? माझे मत स्पष्टपणे चोचवण्याच्या बाजूचे आहे. किसणीची दाते काकडीच्या पेशी फाडतात आणि किसाबरोबर पाण्याचे तळे होते. चोचवताना काकडी सोलून डाव्या हातात उभी धरावी, वरच्या टोकावर सुरीच्या धारेने अर्ध्या इंचापर्यंत खोल असे जवळजवळ वार करावेत, काकडी थोडी फिरवून ते वार छेदणारे वार करावेत, आणि मग वरचा चोचवलेला थर आडवी सुरी फिरवून ताटात पाडावा. पुन्हा वार, पुन्हा थर. दोन काकड्यांना दहा मिनिटे लागतात. तुकडे बारीक, ओबडधोबड आणि करकरीत राहतात, दही त्यांच्या कडांना धरते. हातात धरून सुरी चालवण्याची सवय नसेल तर फळीवर बारीक चिरावी. किसण्यापेक्षा तेही बरे. जून काकडीच्या बिया आधी चमच्याने खरवडून काढाव्यात.

चोचवलेली काकडी मीठ न लावता १० मिनिटे चाळणीत ठेवावी आणि मग ओंजळीत घेऊन हलके दाबावी. येथे ‘पिळावी’ असे म्हटलेले नाही. पूर्ण पिळलेली काकडी चोथ्यासारखी लागते.

सावधान: या टप्प्यावर दही आणि काकडी एकत्र करून ठेवण्याचा मोह होतो. दोन्ही तयार झालेली दिसतात. तरीही ती वेगवेगळ्या भांड्यांत झाकून फ्रिजमध्ये ठेवावीत. तयारी येथवर २-३ तास आधी करून ठेवता येते.

४. शिजवलेल्या भाजीचे भरीत: गार होऊ देणे हीच खरी कृती

लाल भोपळा पाण्यात उकडू नये, वाफवावा. फोडी पाण्यात बुडल्या की त्या पाणी शोषतात आणि ते पाणी नंतर दह्यात उतरते. इडलीपात्रात किंवा कुकरमध्ये डब्यात पाणी न घालता शिजवाव्यात, मग चाळणीत पसरून वाफ जाऊ द्यावी आणि काट्याने मोडाव्यात. हाताने कुस्करल्यास भरताचा लगदा होतो. फोडीचे थोडे अस्तित्व राहिले तर भोपळ्याचा गोडवा दह्याच्या आंबटपणापुढे टिकतो.

वांग्याच्या दह्यातल्या भरितासाठी वांग्याला तेलाचा हात लावून, दोन-तीन ठिकाणी सुरीने टोचून, थेट आचेवर साल काळी पडून सुटेपर्यंत भाजावे. टोचले नाही तर आतल्या वाफेने वांगे फुटते. भाजलेले वांगे धुवून सोलू नये, धुराचा वास धुपून जातो. ओल्या बोटांनी साल काढावी. गर चाळणीत १५-२० मिनिटे ठेवला की तपकिरी, किंचित कडवट पाणी खाली उतरते. ते टाकून द्यावे. भरीत तोंडाला कडवट लागल्याची तक्रार पुष्कळदा या पाण्यामुळे असते.

भेंडीचे उलटे आहे. भेंडी धुवून पूर्ण कोरडी पुसावी, पातळ काप कुरकुरीत तळावेत, त्यांना मीठ लावू नये, आणि पानावर बसल्यावरच दह्यात सोडावेत.

तपासणी: भोपळा, वांगे किंवा बटाटा दह्यात घालण्यापूर्वी त्यात मधोमध बोट खुपसून पाहावे. वरून गार झालेल्या गोळ्याच्या पोटात ऊब असते, आणि तेवढी ऊबही दही सैल करायला आणि आंबवायला पुरेशी असते. बोटाला ऊब लागली तर अर्धा तास थांबावे.

५. फोडणी आधी करावी, घालावी नंतर

फोडणी सगळ्यांत शेवटी करून चरचरीत असताना दह्यावर ओतण्याची पद्धत दिसायला छान आहे, आवाजही छान येतो, पण जेथे ती पडते तेथे दही फुटते आणि बारीक पांढऱ्या कण्या दिसू लागतात. वरणाला चालणारी गोष्ट दह्याला चालत नाही.

छोट्या कढल्यात तेल तापवावे, मोहरी घालावी आणि ती पूर्ण तडतडू द्यावी. अर्धवट तडतडलेली मोहरी दाताखाली कडू लागते. मग आच बंद करून जिरे, हिंग, मिरचीचे तुकडे आणि कढीपत्ता घालावा. तापलेल्या तेलात ते होतात, जळत नाहीत. पांढरी कोशिंबीर हवी असेल तर हळद टाळावी. कढले बाजूला ठेवून १० मिनिटे निवू द्यावे. बोट लावल्यावर तेल जेमतेम कोमट असावे.

उपासाच्या काकडीच्या किंवा बटाट्याच्या कोशिंबिरीला तूप-जिऱ्याची फोडणी देतात आणि मोहरी, हिंग, हळद वगळतात. येथे वेगळी अडचण येते: फ्रिजमधल्या गार दह्यावर तूप पडले की ते थिजते आणि तोंडात मेणासारखे कण येतात. म्हणून तुपाची फोडणी द्यायची असेल तेव्हा दही २० मिनिटे आधी बाहेर काढून ठेवावे आणि तूप पातळ असतानाच कालवावे.

६. कालवणे: क्रम बदलू नये

(१) काकडीत आधी दाण्याचे कूट कालवावे. कूट जाडसर असावे. ते काकडीच्या कडांना लागते आणि सुटणारे उरलेसुरले पाणी पिऊन घेते. कूट दह्यात आधी कालवले तर ते दह्याचे पाणी पिते, काकडीचे नाही, आणि दही पिठूळ होते. शेंगदाणे खमंग भाजून, सालपटे पाखडून, पूर्ण गार झाल्यावर कुटावेत. गरम दाणे मिक्सरला लावले तर तेल सुटून त्यांचा लगदा होतो.

(२) त्यावर निवलेली फोडणी घालून हलवावे. तेलाचा पातळ थर काकडीवर बसतो आणि मिठाला तिच्यापर्यंत पोचायला थोडा वेळ लागतो.

(३) मग घोटलेले दही आणि कोथिंबीर. चमच्याने खालून वर असे चार-पाच वेळा हलवावे, रगडू नये.

(४) पाने वाढायला घेतल्यावर, म्हणजे वाढण्याच्या ५ मिनिटे आधी, मीठ आणि साखर.

चौथी पायरी सगळे वाचतात आणि बहुतेक जण मोडतात, कारण चव पाहायची असते. चव पाहायची असेल तर चमचाभर मिश्रण वाटीत घेऊन त्यात मीठ घालून पाहावे.

आमच्या घरच्या एका मुंजीत ६० पानांची कोशिंबीर माझ्याकडे होती. सकाळी आठ वाजता सगळे एकत्र करून, मीठसुद्धा घालून, मोठ्या पातेल्यात झाकून ठेवले आणि इतर कामांना लागलो. साडेबाराला झाकण काढले तेव्हा काकडी तळाला आणि वर चार बोटे पाणी. वाढप्याने ओगराळे बुडवून शांतपणे विचारले, “हा मठ्ठा वाट्यांत देऊ का?” त्या दिवसापासून मोठ्या पंगतीसाठी मी उलटा मार्ग घेतो: चिरलेल्या काकडीला सगळे मीठ आधीच लावतो, १५ मिनिटांनी ती कापडात घट्ट पिळतो, आणि नंतर मीठ घालतच नाही, फक्त चाखून चिमूटभर लागले तर. काकडीचा करकरीतपणा थोडा जातो, पण दोन तास पाणी सुटत नाही. घरच्या ४ पानांना हा मार्ग घेण्याची गरज नाही.

७. रायते: फेसलेल्या मोहरीचे तंत्र

हल्ली दह्यात काहीही घातले की त्याला रायते म्हणतात. जुन्या पद्धतीच्या रायत्यात मोहरी फेसून घातलेली असते, आणि चुकते तेही नेमके तेथेच. एक लहान चमचा मोहरी, चिमूटभर मीठ आणि दोन चमचे गार पाणी खलबत्त्यात घेऊन वाटत राहावे. सुरुवातीला काळपट पाण्यात दाणे फुटत राहतात आणि काहीच वास येत नाही. पाच-सहा मिनिटांनी मिश्रण पिवळट होऊ लागते, बत्त्याभोवती फेस धरतो, आणि खलावर तोंड नेले तर झणका नाकात चढून डोळ्यांत पाणी येते. तेथे थांबावे आणि ५ मिनिटे झाकून ठेवावे.

हा झणका मोहरीच्या दाण्यात तयार नसतो. दाणा फुटून पाणी लागल्यावर आतली दोन द्रव्ये एकत्र येतात तेव्हा तो निर्माण होतो, आणि कढत पाणी ही क्रिया बंद पाडते. म्हणून मोहरी गरम पाण्यात वाटू नये आणि फेसलेली मोहरी फोडणीतही घालू नये.

केळ्याच्या रायत्याला पिकलेले पण घट्ट केळे घ्यावे, दही आणि मोहरी आधी एकजीव करावीत आणि केळ्याचे काप शेवटी घालावेत, म्हणजे ते काळे पडण्यापूर्वी दह्याखाली जातात. अननस मात्र कच्चा घालू नये. कच्च्या अननसातले पाचक द्रव्य दह्याची प्रथिने तोडते, त्यामुळे तासाभरात रायते पातळ आणि कडवट होते. फोडी थोड्या साखरेबरोबर ५-७ मिनिटे शिजवून, पूर्ण गार करून घातल्या तर हा त्रास होत नाही.

बुंदीच्या रायत्याला मोहरी लागत नाही. बुंदी कोमट पाण्यात २-३ मिनिटे भिजवून तळव्यांमध्ये हलके दाबावी. न भिजवता घातलेली बुंदी दह्यातले पाणी पिऊन फुगते आणि पातेल्यात दही शोधावे लागते.

८. बिघडले तर

पाणी सुटले असेल तर ते पुन्हा ढवळून जिरवण्याचा प्रयत्न करू नये. पातेले कलंडून वरचे पाणी ओतून टाकावे, चमचाभर कूट आणि दोन चमचे घट्ट दही घालावे आणि लगेच वाढावे. आंबट झाली असेल तर साखर वाढवत नेऊ नये, गोड आणि आंबट दोन्ही वेगवेगळे लागतात. दोन चमचे साय किंवा दूध घालावे. खारट झाली असेल तर न पिळलेली आणखी एक काकडी चिरून घालावी.

कच्चा कांदा असलेली कोशिंबीर ठेवू नये. चार तासांनी कांद्याला उग्र वास येतो आणि तो दह्यालाही लागतो. बाकीच्या कोशिंबिरी झाकून फ्रिजमध्ये रात्रीपर्यंत राहतात, पण उन्हाळ्यात मेजावर दोन तासांहून जास्त राहिलेली कोशिंबीर पुन्हा ठेवण्याच्या भानगडीत पडू नये.

रात्री उरलेल्या काकडीच्या कोशिंबिरीला सकाळी पाणी सुटलेले असणारच. ते काढू नये. तेवढ्या पाण्यात मावेल इतकी भाजणी घालावी, तिखट-मीठ चाखून पाहावे आणि ओल्या कापडावर थालीपीठ थापावे.